‘द सी अराउंड अस’ आणि तापीखोऱ्यातील वाचक

समुद्रशास्त्राचा प्राथमिक परिचय करून देणाऱ्या ग्रंथाची खरी कसोटी किनाऱ्यापासून दूर लागते. ज्याच्या दाराशी रोज भरती-ओहोटी येते, त्याला समुद्राविषयी कुतूहल असतेच. परंतु बऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनारसारख्या ठिकाणी, सातपुड्याच्या सान्निध्यात कापूस आणि केळी पिकविणाऱ्या वाचकाला समुद्र माहीत असतो तो क्षीरसागराच्या कथेतून, किंवा रामेश्वर-द्वारकेच्या यात्रेत घडलेल्या स्नानापुरता. अशा वाचकाला हे शास्त्र आपले वाटेल काय? या दृष्टीने रेचल कार्सन यांच्या ‘द सी अराउंड अस’ या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या विख्यात ग्रंथाचा परामर्श आम्ही येथे घेत आहो.

लेखिका अमेरिकेच्या सरकारी मत्स्य व वन्यजीव खात्यात जीवशास्त्रज्ञ होत्या. ग्रंथाला १९५२ साली तेथील राष्ट्रीय ग्रंथ-पुरस्कार लाभला, आणि तो योग्यच होता. आकडे आणि व्याख्या यांची रास न रचता समुद्रात काय घडत असते, हे त्या दाखवितात. समुद्रतळावर युगानुयुगे साचत जाणाऱ्या गाळाचे प्रकरण याचे उत्तम उदाहरण होय. सूक्ष्म जीवांची कवचे, वाऱ्याने उडालेली धूळ आणि नद्यांनी आणलेली माती हिमवर्षावाप्रमाणे संथपणे खाली उतरत असते, हे वाचताना खकनारच्या वाचकाला आपली काळी जमीन आठवल्यावाचून राहणार नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या खडकांची ती माती. पावसात ती ओढ्यानाल्यांतून तापीत जाते, आणि मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. १९७२ साली उकाई धरण पुरे झाल्यापासून त्यातील बराच गाळ वाटेतच अडतो, एवढा फेर मात्र वाचकाने मनाशी करून घ्यावा.

आता दोषांकडे वळू. चंद्र हा पृथ्वीपासून तुटलेला गोळा असून पॅसिफिकचे खोरे हा त्याचा व्रण होय, ही कल्पना लेखिकेने आरंभीच बऱ्याच विश्वासाने मांडली आहे. ती आज टिकत नाही. १९६० नंतरच्या संशोधनाने सागरतळ सतत नवा घडत असतो हे दाखविले. आजच्या महासागरांचा तळ बहुतांशी वीस कोटी वर्षांहून तरुण आहे, आणि पृथ्वीचे वय तर सुमारे साडेचारशे कोटी वर्षे. तसेच, खोल समुद्रातील जीवसृष्टी वरून पडणाऱ्या अन्नावरच जगते, अशी त्या काळी समजूत होती. १९७७ साली पॅसिफिकच्या तळाशी उष्णोदकाच्या झऱ्यांभोवती सूर्यप्रकाशावाचून पोसली जाणारी वसाहत आढळली. हे दोष काळाचे आहेत. त्यांबद्दल लेखिकेस बोल लावणे अन्यायाचे होईल.

दुसरा दोष आम्हांस अधिक जाणवतो. ग्रंथाचा कल अटलांटिकाकडे आहे. हिंदी महासागराच्या वाट्याला फार थोडे येते. वास्तविक या महासागराची रीत निराळी आहे. उत्तरेस आशियाने त्याची वाट अडविलेली. त्यामुळे ऋतूबरोबर वारे उलटतात, आणि वाऱ्यांबरोबर प्रवाहही. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ पावसाळ्यात ईशान्येकडे वेगाने धावणारा प्रवाह हिवाळ्यात नैर्ऋत्येकडे वळतो. पावसाळ्यात तेथे खोलवरचे थंड, पोषक पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पती माजतात, आणि त्यांचे अवशेष कुजताना मधल्या थरांतील प्राणवायू खर्ची पडतो. याच समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून आलेले बाष्प खकनारच्या शेतात पडते. म्हणजे ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, त्याचे वर्षाचे पोट समुद्राच्या उष्णतेवर अवलंबून आहे. १९६० च्या सुमारास आरंभलेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने या विषयाला गती दिली, आणि तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे तिचे कार्य चालते. हे ज्ञान आता आपल्या अंगणातले आहे.

येथे आमच्या भाविक वाचकांशी एक स्पष्ट बोलणे अवश्य आहे. समुद्रमंथनात किंवा अगस्त्यांच्या आचमनात आधुनिक समुद्रशास्त्र आधीच सांगितलेले आहे, असा दावा अधूनमधून ऐकू येतो. तापी ही सूर्यकन्या, या कथेत केवढे कवित्व आहे! परंतु तिच्यावरून बाष्पीभवनाचा सिद्धांत पूर्वजांना ठाऊक होता असे ठरत नाही. कथेला पुरावा करू गेल्यास कथेचा रस जातो आणि शास्त्राची शिस्तही जाते. श्रद्धेने जलाला वंदन करावे. त्याची खोली मात्र मोजूनच सांगावी.

१९६१ च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत लेखिकेने अणुशक्तीचा किरणोत्सर्गी कचरा समुद्रात टाकण्याविरुद्ध कडक इशारा दिला. समुद्र अफाट आहे, तो सर्व पोटात घेईल, या समजुतीवर तो आघात होता. तीच समजूत बाळगून आपण निर्माल्य आणि सांडपाणी नदीत सोडतो. ज्या तापीला आपण माता म्हणतो, तिच्या मुखापाशी काय पोहोचते याचा विचार प्रस्तावनेची ती पाने वाचून व्हावा.

आमचा अभिप्राय असा : पहिल्या वाचनासाठी याहून सरस ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही. देवस्थानांच्या वाचनालयांनी तो अवश्य ठेवावा. मात्र शेजारी हिंदी महासागराविषयीचे एखादे अलीकडचे पुस्तक असावे. आणि मराठीत वा कोंकणीत जो कोणी अशी ओळख लिहील, त्याने पहिले प्रकरण जहाजावरून आरंभू नये. ते खकनारच्या बांधावर पडणाऱ्या पावसापासून आरंभावे, आणि वाचकाला तापीच्या काठाकाठाने समुद्रापर्यंत न्यावे.