'ताबा सुटला' : अपघातवृत्तांच्या भाषेविषयी

मराठी वृत्तपत्रांत अपघातवृत्ताची एक ठराविक शब्दकळा रूढ झालेली आहे. 'ब्रेक निकामी झाले', 'चालकाचा ताबा सुटला', 'गाडी अनियंत्रित झाली' ही तिची मुख्य वाक्ये होत. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याजवळ परस्परांस छेदतात व दुसरा पुढे जळगावाकडे जातो. साहजिकच खानदेशातील वाचकाला ही वाक्ये विशेष परिचयाची आहेत. त्यांचा अर्थ मात्र क्वचितच तपासला जातो.

'सुटणे' आणि 'सोडणे' ही मराठीतील अकर्मक–सकर्मक जोडी आहे. 'तुटणे–तोडणे', 'फुटणे–फोडणे' ह्या तिच्यासारख्याच जोड्या. 'चालकाने ताबा सोडला' असे कोणी लिहीत नाही. 'ताबा सुटला' असेच लिहितात. ह्या अकर्मक रूपाने घटना सांगितली जाते, कर्ता गळतो. वाहन आपोआप वेग घेते की काय, हा प्रश्न ज्या अपघातांत उभा राहतो, त्यांत तर कर्ता कोण हेच शोधावयाचे असते. वृत्तातील क्रियापद तो शोध सुरू होण्यापूर्वीच मिटवून टाकते.

दोन घटना पाहण्याजोग्या आहेत. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेरजवळ मध्य प्रदेशाकडून येणारा कंटेनर इतर वाहनांना धडकून हॉटेलात घुसला व किमान दहा माणसे मृत्युमुखी पडली. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ला येथे बेस्टची विजेवरील बस गर्दीत शिरली. त्या रात्रीनंतर मृतांची संख्या वाढतच गेली. दोन्ही वेळी प्रथम ऐकू आले ते 'ब्रेक निकामी' हेच शब्द. परंतु कुर्ल्याच्या बसची तपासणी झाली तेव्हा ब्रेक चालू स्थितीत आढळले, आणि बिनक्लचच्या विजेच्या वाहनाचा चालकाला पुरेसा सराव होता काय, हा प्रश्न पुढे आला. थांबण्याचे साधन निकामी होणे आणि वेग अकल्पितपणे वाढणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. रूढ वाक्यात त्या एकच होऊन बसतात.

हा भेद किती दुर्गम असतो हे अमेरिकेतील अनुभवावरून दिसते. १९८०नंतरच्या दशकात ऑडी ५००० ह्या मोटारीविषयी अशा तक्रारी झाल्या. ब्रेकच दाबला होता, असे अनेक चालक निष्ठेने सांगत. १९८९च्या सरकारी अहवालाने बहुतेक घटनांचे कारण पाय चुकीच्या पेडलवर पडणे हे दिले. तरीही पेडलांची रचना त्या चुकीस हातभार लावू शकते हे त्याने नाकारले नाही. ब्रेक दाबल्याखेरीज गिअर पडू नये अशी योजना ऑडीने त्यापूर्वी १९८७ मध्येच केली होती. पुढे टोयोटाच्या प्रकरणात पायपुसणीत अडकणारे व दाबल्यावर मागे न येणारे पेडल ही कारणे निघाली. वेग प्रचंड वाढवील असा इलेक्ट्रॉनिक दोष २०११च्या तपासणीत नासाला आढळला नाही. तथापि २०१३ मध्ये ओक्लाहोमातील ज्यूरीने एका खटल्यात कंपनीला जबाबदार धरले. चालकाचे सांगणे प्रामाणिक असूनही चुकीचे असू शकते, आणि यंत्राची बाजूही निर्दोष असेलच असे नाही.

वृत्तपत्रात कर्ता लुप्त होतो, तर पोलिसांच्या फिर्यादीत तो दुप्पट जोराने परततो : 'भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून'. एकीकडे कोणीच काही केले नाही. दुसरीकडे चालकाने सर्व काही जणू जाणून केले. चुकून पाय पडलेल्या माणसाला ह्या दोन्ही साच्यांत जागा नाही.

वास्तविक मराठीजवळ तिसरी वाट आहे. 'त्याच्या हातून पेला फुटला' ह्या वाक्यात माणूस उपस्थित आहे, त्याचा हेतू मात्र नाही. 'त्याच्याकडून ब्रेकऐवजी रेस दाबली गेली' हेही तसेच. 'हातून' आणि 'कडून' ह्या शब्दयोगी अव्ययांनी मराठी अनभिप्रेत कृती नेमकी दाखविते. धुळे–जळगाव भागातील साक्षीदार अहिराणीत 'पाय पडना', 'ताबा सुटना' असे सांगत असेल, तर लेखनिकाच्या प्रमाण मराठीत ते उतरताना 'हयगयीने' होऊ नये, एवढी दक्षता अगत्याची आहे. नोंदीतील शब्दावर कोणाची शिक्षा आणि कोणाची नुकसानभरपाई अवलंबून असू शकते.

म्हणून अपघातवृत्तात तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : पाहणाऱ्याने काय पाहिले, चालकाने काय सांगितले आणि तपासणीत काय आढळले. 'ब्रेक लागले नाहीत, असे चालकाने सांगितले' हे वाक्य 'ब्रेक निकामी झाले' ह्याहून थोडे लांब आहे. परंतु ते खरे आहे, आणि पुढील तपासाला वाट मोकळी ठेवते. ती वाट बंद झाली, तर सदोष पेडल पुढच्या गाडीत तसेच राहील आणि अपुरा सराव झालेला चालक पुन्हा त्याच आसनावर बसेल.