कडूगोड सफरचंदांची ओळख

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना मास्तराने मद्याची गोष्ट काढावी, हे काही बरे दिसत नाही. पण ज्या कादंबरीविषयी मला बोलायचे आहे तिच्या पानापानांतून सफरचंदाच्या रसाचा वास येतो, आणि तो रस पिंपात भरून हिवाळाभर आंबवलेला आहे. त्याला माझा इलाज नाही. कादंबरी टॉमस हार्डीची. नाव ‘द वुडलँडर्स’, म्हणजे रानात राहणारी माणसे. १८८७ साली ती पुस्तकरूपाने निघाली. हार्डी म्हटले की आपल्याकडे ‘टेस’ची आठवण आधी निघते, आणि ही कादंबरी कपाटात मागे राहते. हार्डीला स्वतःला मात्र गोष्ट म्हणून हीच अधिक आवडत असे. मी ती शब्दकोश जवळ ठेवून, दोन सुट्यांमध्ये मिळून वाचली. कथानक पुष्कळसे विसरायला झाले, पण त्यातला एक लहानसा प्रसंग काही केल्या मनातून जात नाही. त्या प्रसंगातच साऱ्या कादंबरीची किल्ली आहे, असे माझे मत झाले आहे.

आधी कथानक थोडक्यात सांगतो. लिटल हिंटॉक हे झाडीत दडलेले एक खेडे. तिथे मेलबरी नावाचा लाकडाचा व्यापारी राहतो. लहानपणी पाद्र्याच्या मुलाने त्याला होमरच्या काव्यातला एक प्रश्न घातला होता : कोणी कोणाला कशाच्या तटाभोवती फरफटवत नेले? बिचाऱ्याने आपल्याच गावातल्या एका माणसाचे नाव सांगितले, आणि पोरे खो खो हसली. ते हसणे मेलबरीच्या काळजात रुतून बसले. आपल्या लेकीला कोणी असे हसू नये म्हणून त्याने ग्रेसला मोठ्या शाळेत ठेवले आणि पैसा पाण्यासारखा ओतला. गावात तिच्यासाठी मनात धरलेला एक मुलगा आहे, जाइल्स विंटरबोर्न. झाडे लावणे आणि सायडर करणे हा त्याचा धंदा. ग्रेस शिकून परत येते, तेव्हा बापालाच वाटू लागते की इतकी शिकलेली मुलगी झाडे लावणाऱ्याच्या घरी कशी द्यावी? अखेर तिचे लग्न फिट्झपियर्स नावाच्या डॉक्टरशी होते, आणि तिथून दुःखाला सुरुवात होते.

आता तो प्रसंग. ग्रेसला आणायला जाइल्स बाजारगावी गेला आहे. रोपे विकण्यासाठी त्याने नमुन्याचे एक सफरचंदाचे झाडच बाजारात आणले आहे, आणि ते हातात धरून तो चौकात उभा आहे. ग्रेस समोरून येते, पण झाड सोडून त्याला दोन पावले पुढे जाता येत नाही. ती आलेली आहे शहरातून, आणि हा उभा आहे झाडाला खिळून! पुढे दोघे गाडीतून गावाकडे निघतात. वाटेत एका बागेत सफरचंदांचे ढीग पडलेले दिसतात. जाइल्स म्हणतो, यंदा यांच्याकडे कडूगोड फळ एवढे आले की सगळे दळून झालेच नाही. ग्रेस ‘हो’ म्हणते, पण तिची नजर असते दुसऱ्याच बागेकडे. तो चकित होऊन म्हणतो, अगं, ती तर जॉन-ॲपलची झाडे! कडूगोड फळ तर तुला चांगले ओळखता येत होते! ती म्हणते, मी विसरले असेन. शिवाय आता अंधारही पडू लागला आहे.

प्रसंग एवढाच आहे. आपल्याला वाटेल, सफरचंद ते सफरचंद. त्यात ओळखायचे काय? इथेच वाचकाला थोडी माहिती हवी. सायडर म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस. (अमेरिकेत नुसत्या ताज्या रसालाही सायडर म्हणतात, म्हणून तिथे आंबवलेल्याला ‘हार्ड’ हे विशेषण लावावे लागते. इंग्लंडात सायडर म्हटले की तो आंबवलेलाच.) आपण बाजारातून आणून कापून खातो ते गोड सफरचंद एकट्याने यासाठी फारसे उपयोगाचे नाही, त्याचा सायडर पाणचट होतो. साखरेतून मद्य तयार होते हे खरे, पण आंबटपणा नसेल तर रस लवकर बिघडतो, आणि तुरटपणा नसेल तर त्याला अंग येत नाही. म्हणून तिथले शेतकरी खाण्याची फळे वेगळी आणि सायडरची वेगळी लावीत. सायडरचे फळ तोंडात घातले तर तोंड कसेसेच होते, पण पिंपात गेले की तेच खरे. १९०३ साली ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टन येथे फळांची आणि सायडरची संशोधनसंस्था निघाली. तिथल्या बार्कर या शास्त्रज्ञाने या फळांचे चार वर्ग पाडले : गोड, कडूगोड, आंबट आणि कडूआंबट. ‘किंग्स्टन ब्लॅक’ कडूआंबट, ‘डॅबिनेट’ कडूगोड. शास्त्राने हे तोलूनमापून लिहिण्याच्या कितीतरी आधी हिंटॉकसारख्या खेड्यांतल्या माणसांना ते जिभेवर पाठ होते.

आणि ही जात बी पेरून मिळत नाही. सफरचंदाची बी लावली तर झाड येते, पण ते आईसारखे येत नाही. एका फळातल्या पाच बिया लावा, पाच तऱ्हांची झाडे येतील. हवी तीच जात पाहिजे तर तिची काडी घेऊन दुसऱ्या खुंटावर कलम बांधावे लागते. कोकणातल्या वाचकाला हे सांगायला नको. हापूस असाच राखला गेला. म्हणजे जातीचे नाव आणि जातीचे झाड ही दोन्ही माणसाच्या हाताने आणि आठवणीने टिकतात. ओळखणारा संपला की कलम बांधणारा संपतो, आणि मग ती जातही संपते. हे ध्यानात घेतले म्हणजे गाडीतला तो संवाद हलका राहत नाही. ग्रेस एका फळाचे नाव विसरली नाही. ज्या जगात तिचे नाव घेतले जात होते ते जग ती विसरली. हार्डीने हे कुठेही समजावून सांगितलेले नाही. त्याने तिची नजर फक्त चुकीच्या बागेकडे वळवली. मोठा कादंबरीकार तो हाच!

हा धागा हार्डी पुढे पुन्हा उचलतो. लग्नानंतरच्या सहलीवरून परतताना ग्रेस आणि डॉक्टर एका खानावळीत उतरतात. खाली अंगणात जाइल्सने आपली फिरती चक्की आणि दाबयंत्र मांडले आहे. सफरचंदे दळली जात आहेत; त्यांचा लगदा घोड्याच्या केसांच्या कापडात गुंडाळून, थरावर थर रचून, वरून दाबला जात आहे; रस गळत आहे. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस काढतात तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही गडबड आणि तो वास सहज कल्पिता येईल. आणि काय आश्चर्य, खिडकीतून पाहणाऱ्या ग्रेसला आता टोपल्यांतली सगळी फळे ओळखू येतात! लहानपणी हावरटपणाने खाल्लेल्या एकेका जातीची नावे तिला आठवतात. शेजारी उभा असलेला नवरा मात्र म्हणतो की, त्या अंगणात राबणाऱ्या माणसांची आणि माझी जातच वेगळी असावी असे मला वाटते. पहिल्या प्रसंगी ती मोकळी होती, तेव्हा तिला फळ ओळखता आले नाही. ओळखता आले तेव्हा ती वरच्या मजल्यावर, परक्याच्या शेजारी उभी होती. या दोन प्रसंगांच्या मधल्या अंतरात सारी शोकांतिका मावली आहे.

एवढी स्तुती केल्यावर एक तक्रारही करतो, नाहीतर हे परीक्षण न राहता आरती होईल. जाइल्सला हार्डीने फार सोवळा करून ठेवला आहे. ग्रेस आश्रयाला येते तेव्हा तो आपली झोपडी तिला देतो, आणि लोकापवाद नको म्हणून स्वतः आजारी असताना बाहेर पावसात पडून राहतो आणि मरतो. प्रसंग हृदयद्रावक आहे, पण सायडरचा धंदा करणारा माणूस भाव करतो, उधारी वसूल करतो, कधी चिडतोही. तो जाइल्स आपल्याला दिसत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मार्टी साउथ ही गरीब मुलगी रात्रभर छपराच्या कामट्या तासते, तेव्हा हजारामागे तिला दीड शिलिंग मिळतो हे हार्डी आपल्याला सांगतो. पण सायडरच्या बाबतीत हा चोख हिशोब तो मांडत नाही. इंग्लंडच्या पश्चिम भागात शेतमजुराच्या मजुरीचा काही भाग सायडरच्या रूपाने देण्याची रीत होती. घरी बायकोच्या हाती पैसे कमी पडायचे आणि नवऱ्याच्या पोटात सायडर जायचा. ज्या १८८७ साली ही कादंबरी पुस्तकरूपाने निघाली, त्याच साली पार्लमेंटने कायदा करून शेतमजुराला मजुरीपोटी मद्य देणे बंद केले. हार्डीच्या सायडरला सफरचंदाचा वास आहे, मजुरीचा नाही. जिथे त्याचे प्रेम फार तिथे त्याचा हिशोब थोडा सैल झाला, असे मला म्हणावेसे वाटते.

पण ही तक्रार करताना माझी मान खाली जाते. मी स्वतः आंब्याच्या बागेवर एक कादंबरी लिहिली आहे. ती लिहून झाल्यावर एका दिवाळीच्या सुटीत आजोळी गेलो होतो. झाडांवर फळ नव्हतेच. मामांनी एका झाडाशी थांबून विचारले, ‘‘हा कुठला रे?’’ मी म्हणालो, ‘‘आंबा.’’ मामा म्हणाले, ‘‘आंबा तर गुरंसुद्धा ओळखतात, मास्तर. कुठला आंबा?’’ मला सांगता आले नाही. माझ्या कादंबरीत मोहर होता, चांदणे होते, कोकिळा होती. पण एकाही झाडाला जात नव्हती. ग्रेसला हसावे असा माझा अधिकार नाही.

याहून मोठे शल्य मास्तरकीचे आहे. ‘माझा गाव’ या विषयावर निबंध घातला असताना एका मुलाने अर्धे पान नुसत्या भातांच्या नावांनी भरले होते : पटणी, वालय, बेला, मुणगा, कोणते भात कोणत्या शेतात, कोणते पेजेला चांगले. मी तांबड्या शाईने त्यावर उभी रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘विषयांतर’. पुढच्या निबंधात त्याने नदी, डोंगर आणि सूर्योदय लिहिला. मी त्याला चांगले गुण दिले. ‘द वुडलँडर्स’ वाचली ती त्यानंतर काही वर्षांनी. गाडीतला प्रसंग आला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

मेलबरीला दोष देणे सोपे आहे. त्याला आपली मुलगी हसण्यावारी जाऊ द्यायची नव्हती. कोणत्या बापाला तसे हवे असते? शिक्षण वाईट, असे हार्डीही म्हणत नाही. पण कलम बांधताना खुंट जमिनीत ठेवावा लागतो, हे साध्या माळ्याला कळते आणि आम्हा शाळावाल्यांना कळत नाही. आम्ही नव्या फांदीच्या कौतुकात खुंटच उपटतो आणि फांदी का सुकली म्हणून विचारतो.

इंग्लंडातल्या पुष्कळशा जुन्या सफरचंदाच्या बागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोडल्या गेल्या. केंट परगण्यात ब्रॉगडेल येथे मात्र सफरचंदांच्या दोन हजारांवर जाती जिवंत झाडांच्या रूपाने राखल्या आहेत. तेव्हा कुणीतरी नावे लक्षात ठेवली आहेत, हे समाधान आहे. कादंबरीतही असे एक माणूस आहे. ग्रेस शेवटी नवऱ्याकडे परत जाते. जाइल्सच्या थडग्याशी उरते ती मार्टी, कामट्या तासणारी, कोणी जिच्याकडे वळून पाहिले नाही अशी. ती त्याच्या रूपाचे गुण गात नाही. रोप लावताना, सायडरचे यंत्र फिरवताना तुझी आठवण होईल, कारण ते काम तुझ्यासारखे कोणाला येत नव्हते, अशा अर्थाचे ती बोलते. प्रेयसीच्या तोंडी असे कामाचे बोलणे घालणारे लेखक थोडेच. मला तर वाटते, सगळ्या कादंबरीत जाइल्सला पूर्णपणे ओळखणारी ती एकटीच. कारण ज्या हातांनी तो झाडे लावीत होता त्याच कामाची ओळख तिच्या हातांना होती.

तो भाताच्या नावांचा निबंध लिहिणारा मुलगा आता मोठा झाला असेल. भेटला तर त्याची वही मागून घेईन म्हणतो, आणि ती तांबडी रेघ खोडता आली तर पाहीन.