फंक-संगीत : आवेश आणि आवर

देवळाच्या सभामंडपात भजन-कीर्तन ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांस ‘फंक’ हे नाव परके वाटेल. त्या शब्दाचा मूळ अर्थही फारसा सोज्वळ नाही. घामाचा उग्र दर्प दाखविणारा हा शब्द अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी अभिमानाने आपल्या संगीतास दिला. एवढ्यावरून हे संगीत म्हणजे निव्वळ धांगडधिंगा, असा समज करून घेणे सोपे आहे. आमच्या मते वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. फंकचा आवेश ऐकणाऱ्याला जाणवतो. वाजविणाऱ्याच्या अंगी मात्र विलक्षण आवर असावा लागतो, आणि त्या आवरामुळेच हे संगीत टिकले आहे.

या संगीताचा पाया घातला तो जेम्स ब्राउन या गायकाने. चर्चमधील उपदेशकाने हाक द्यावी आणि मंडळींनी प्रतिसाद द्यावा, ही त्याच्या समाजाची जुनी रीत त्याच्या गायनात मुरलेली होती. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आघात देण्याची तेथील लोकप्रिय संगीताची वहिवाट होती. ब्राउनने सारा भार पहिल्या मात्रेवर आणून ठेवला. १९६५ साली ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’मध्ये या बदलाची चाहूल लागली आणि १९६७च्या ‘कोल्ड स्वेट’मध्ये तो पूर्णत्वास गेला.

समेचे माहात्म्य आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु साम्य येथेच संपते. आपला गायक दूरवर विस्तार करून समेवर परततो आणि त्या परतण्यात आनंद असतो. फंकमध्ये सम दोन-अडीच सेकंदांनी येते. दूर जाण्यास अवकाशच नाही. ‘कोल्ड स्वेट’मध्ये स्वरसंगतीही जवळजवळ हलत नाही. मग सांगावयाचे ते सारे दोन समांच्या मधल्या सोळा बारीक अंशांत सांगावे लागते. गिटार, खर्जाची गिटार, पितळी वाद्ये ही सर्व जणू तालवाद्ये होतात. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार आघात येतात. ते नेमक्या जागी द्यावयाचे आणि उरलेल्या वेळात गप्प राहावयाचे. ज्याला गप्प राहता येत नाही त्याला फंक वाजविता येत नाही.

पुढे ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या वृंदात नावारूपास आलेला लॅरी ग्रॅहम याने हाच धडा अडचणीतून घेतला. तरुणपणी तो आपल्या आईच्या गायनास साथ करी. त्यांच्याकडे ढोलवादक उरला नाही, तेव्हा मोठ्या ढोलाची उणीव भरून काढण्यासाठी तो खर्जाच्या तारेवर अंगठा आपटू लागला आणि लहान ढोलासाठी बोटाने तार उपटू लागला. गरजेतून निघालेली ही पद्धत आज जगभर शिकविली जाते.

तथापि या शैलीचा सर्वोत्तम नमुना आम्ही ‘फंकी ड्रमर’ या मुद्रणात मानतो. ते १९६९च्या नोव्हेंबरात सिनसिनाटी शहरी झाले. बऱ्याच वेळाने ब्राउन इतर वाद्ये थांबवितो आणि ढोलवादक क्लाइड स्टबलफील्ड यास बजावतो की, स्वतंत्र करामत नको, चालू आहे तेच राख. तो तेच राखतो. आठ आवर्तने, सुमारे वीस सेकंद. ठळक आघातांच्या मधून पुसट, जेमतेम ऐकू येणारे आघात झिरपत राहतात आणि ठेका चालू लागतो, श्वास घेतल्यासारखा. कारखाने व रेल्वेगाड्या यांचे ठोके ऐकत चॅटनूगा गावी वाढलेल्या माणसाचे ते हात होते. पुढील पिढीने हे वीस सेकंद उचलून हजाराहून अधिक गीतांत वापरले; ‘पब्लिक एनिमी’चे १९८९चे ‘फाइट द पॉवर’ त्यांपैकीच एक.

आता दोषांकडे वळू. फंकमधील शब्द पुष्कळदा पोकळ असतात, आणि नृत्यासाठी लांबविलेली गीते बसून ऐकणाऱ्यास कंटाळवाणी होतात. याहून गंभीर दोष संगीताबाहेरचा आहे. ब्राउनची शिस्त कठोर होती. चुकलेल्या स्वरासाठी, इतकेच काय, बुटांना चकाकी नसल्याबद्दलही तो वादकांस दंड करी. १९७०च्या मार्चमध्ये मोबदल्यावरून वाद होऊन त्याचे बहुतेक वादक त्यास सोडून गेले. ‘फंकी ड्रमर’चा कर्ता म्हणून नोंद झाली ती एकट्या ब्राउनची. ज्याच्या हातांचे ते वीस सेकंद होते, त्या स्टबलफील्डला त्या असंख्य गीतांतून मिळाले ते नगण्य. तो मॅडिसन शहरी राहून स्थानिक मैफली वाजवीत राहिला. त्याच्या आजारपणातील खर्चाचा मोठा भार प्रिन्स या गायकाने गाजावाजा न करता उचलला. २०१७ साली तो निवर्तला.

हा अन्याय केवळ परदेशचा म्हणून आम्हांस नाक मुरडता येणार नाही. आपल्या उत्सवांतही हार पडतो तो गायकाच्या गळ्यात. पखवाजावर रात्र काढणाऱ्याचे नाव पत्रिकेत शेवटी, बारीक अक्षरांत येते, कित्येकदा येतही नाही. फंक ऐकताना कान आपोआप मागच्या रांगेकडे वळतो, कारण या संगीताचा प्राणच तेथे आहे. ‘फंकी ड्रमर’ रसिकांनी एकदा शांतपणे ऐकावे. गायकाचा आवाज ओसरल्यावर जे उरते, ते कोणाचे आहे हे लक्षात ठेवावे, आणि पुढच्या उत्सवाची पत्रिका छापताना त्याची आठवण व्हावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.