सतरा टक्के कुणाच्या कारखान्यातले?

धाराशिवमधल्या कौशल्य किंवा उद्योजकता प्रशिक्षणावर सिनॉप्सिस लिहायला घेतली की एक पेपर हाताशी येतोच. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा ‘डझ मॅनेजमेंट मॅटर?’, २०१३ चा. त्यातलं एकच वाक्य उचलायचा मोह होतो: व्यवस्थापन सुधारलं आणि पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. आकडा बरोबर आहे, पण तो आपल्या जिल्ह्याला जसाच्या तसा चिकटवू नका.

प्रयोग झाला तारापूर आणि गुजरातेतल्या उंबरगावच्या कापड कंपन्यांत. सरासरी २७० कामगार. सल्लागारांनी आधी सगळीकडे महिनाभर पाहणी केली. मग चिठ्ठीत नाव निघालेल्या कारखान्यांत आणखी चार महिने ठाण मांडलं, तेही फुकट. शिकवलं काय? कापडात दोष कुठे येतो त्याची रोजची नोंद, सुताच्या साठ्याचा हिशेब, यंत्र बिघडायच्या आधी देखभाल. अशा एकूण ३८ पद्धती.

कंपन्या फक्त १७. पण एवढ्यावरून पेपर उडवून लावू नका. प्रत्येक कारखान्याची आठवडेवार आकडेवारी दीर्घ काळ गोळा केलीय, ती त्याची ताकद आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. विचारलं होतं ६६ कंपन्यांना, तयार झाल्या १७. म्हणजे चिठ्ठ्या टाकल्या त्या आधीच ‘या’ म्हणणाऱ्या मालकांमध्ये. आणि तो मालक सगळा वेळ तिथेच होता. सल्लागाराने सांगितलेलं पटलं तर दुसऱ्या दिवशी हुकूम सोडू शकणारा माणूस.

पेपरमधला सगळ्यात मोलाचा भाग मात्र फारसं कुणी उद्धृत करत नाही. एखाद्या कंपनीचे कारखाने किती, हे बऱ्याच अंशी मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती यावरून कळत होतं. बाहेरच्या मॅनेजरवर भरवसा नाही, म्हणून भाऊ-मुलगे संपले की विस्तार थांबला! पुढे २०२० मध्ये याच लेखकांचा पाठपुरावा आला. आठ-नऊ वर्षांनी सुमारे निम्म्या पद्धती गळल्या होत्या, तरी प्रयोगातले कारखाने इतरांपेक्षा पुढेच होते. गळतीचं एक कारण म्हणजे मॅनेजर बदलणं.

आता धाराशिवला या. आपण प्रशिक्षण कुणाला देतो? बहुतेकदा ज्याच्या हातात हुकूम नाही त्याला. नोकरी शोधणाऱ्या मुलाला, नाहीतर बचत गटातल्या बाईला. नोकरीच्या बाजूचं चित्र डेव्हिड मॅकेन्झी यांच्या २०१७ च्या आढाव्यात आहे: विकसनशील देशांत शंभर जणांना व्यावसायिक प्रशिक्षण दिलं, तर त्यामुळे जास्तीचं काम मिळालं जेमतेम दोघा-तिघांना. जिथे कारखानेच थोडे, तिथे प्रमाणपत्रं मोजून काय हाती लागणार?

बायकांच्या बाजूला मात्र आपल्याकडे नीट अभ्यासावं असं काम आहे. १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून वाढलेल्या प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगने शेतकरी महिलांसाठी वेगळी वाट धरली. बाईने घरच्या रानातला अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि तिथे काय पेरायचं ते तिनेच ठरवायचं. म्हणजे आधी अधिकाराचा तुकडा, मग त्यावर प्रशिक्षण. मला हा क्रम बरोबर वाटतो. पण इथेही तोच आक्षेप लावा. घरच्यांनी रान दिलं त्याच बायका पुढे आल्या असतील, तर त्या तारापूरच्या १७ कंपन्यांसारख्याच नाहीत का? शिवाय सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असला, तर दुष्काळी वर्षी तो एकर तिच्याकडे राहतो का?

म्हणून ‘प्रशिक्षणाचा परिणाम’ असा गुळगुळीत विषय घेऊ नका. निर्णयाचा अधिकार हा वेगळा चल धरा, आणि तो प्रशिक्षणाआधीच मोजा. नंतर मोजलात तर प्रशिक्षणामुळे अधिकार आला की अधिकार होता म्हणून प्रशिक्षण फळलं, हे सांगता येणार नाही.

समजा, भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्यांवर काम करताय. तर ‘व्यवसायात तुमचा सहभाग आहे का?’ असं विचारू नका, सगळ्याच हो म्हणतील. मागच्या खेपेला खवा कुठल्या व्यापाऱ्याला दिला, भाव कुणी ठरवला, पैसे कुणाच्या खात्यावर आले, ते विचारा. आणि नवऱ्याला तेच प्रश्न वेगळं बसवून विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर फॉर्म बाद करू नका, ती तफावत वेगळ्या रकान्यात लिहा.