मनाईचें व्याकरण

गेल्या महिन्यांत आमच्या शेजारचे दोन गृहस्थ एक कागद घेऊन माझ्याकडे आले. ते ज्या गृहनिर्माण-संस्थेचे सभासद आहेत, तिच्या लिफ्टच्या दाराशीं लावावयाची ती सूचना होती, आणि ती इंग्रजींत होती. 'सर्व्हंट्स आर प्रोहिबिटेड टु यूज धिस लिफ्ट' असा मूळचा मजकूर. त्यांतील 'टु यूज' चूक असून तेथें 'फ्रॉम यूझिंग' पाहिजे, असें दुसऱ्याचें म्हणणें. वाद शब्दाचा असल्यामुळें निवाड्यासाठीं तो माझ्याकडे आला. मीं दुसऱ्याच्या बाजूनें निकाल दिला आणि दोघेहि समाधानानें परत गेले. माझें मात्र समाधान झालें नाहीं. निकालाचीं कारणें आधीं सांगतों. असमाधानाचें कारण त्यांतूनच पुढें निघेल.

मनाई करण्यासाठीं इंग्रजींत दोन प्रमुख क्रियापदें आहेत, 'फॉर्बिड' आणि 'प्रोहिबिट'. कोशांत पाहिलें तर दोघांचा अर्थ जवळजवळ एकच. पण वाक्यांतील त्यांची वागणूक भिन्न आहे. 'फॉर्बिड' हा शब्द इंग्रजीच्या जुन्या घरांतला असून त्याच्या पोटांत आज्ञा करणें या अर्थाचा धातु आहे. आज्ञा अमुक एक करण्याविषयींची असते, म्हणून त्याच्यापुढें 'टु' आणि क्रियापद येतें. 'प्रोहिबिट' लॅटिनांतून आला. समोर धरणें, अडवून दूर ठेवणें हा त्याचा मूळ अर्थ. दूर ठेवावयाचें तें कशापासून तरी. म्हणून त्याला 'फ्रॉम' लागतें. मुलाला बाहेर जावयास 'फॉर्बिड' करावें तें 'टु गो', आणि 'प्रोहिबिट' करावें तें 'फ्रॉम गोइंग'. इंग्रजी लेखनाच्या शुद्धाशुद्धतेविषयीं फौलर यांचा जो ग्रंथ १९२६ सालीं निघाला, त्यांतहि हाच दंडक घालून दिला आहे. अलीकडे 'फॉर्बिड'च्या पुढें 'फ्रॉम' सर्रास दिसूं लागलें आहे. परंतु 'प्रोहिबिट'च्या पुढें 'टु' आलें कीं तें अद्यापि जाणत्या कानाला खटकतें.

आपल्या हातून ही चूक कां होते, हें समजणें अवघड नाहीं. आपण मनांत 'वापरण्यास मनाई आहे' असें म्हणतों, आणि 'वापरण्यास' यांतील 'स' हा इंग्रजींत उतरतांना आपोआप 'टु' होतो. 'नॉट अलाउड' किंवा 'नॉट परमिटेड' म्हटलें असतें, तर तोच 'टु' शुद्ध ठरला असता. दुसरी एक चूक याहून अधिक नुकसान करणारी आहे. 'मस्ट' म्हणजे 'पाहिजे', तेव्हां 'मस्ट नॉट' म्हणजे 'पाहिजे असें नाहीं', अशी नवशिक्याची समजूत होते. वस्तुतः 'मस्ट नॉट' म्हणजे 'करूं नये'. सक्ति नाहीं एवढेंच सांगावयाचें असेल, तर 'नीड नॉट' म्हटलें पाहिजे. 'जाऊं नये' आणि 'जावयास नको' हा भेद मराठींत आपलीं मुलेंहि न चुकतां पाळतात. नकार वाक्यांतील कोणत्या पदाशीं जोडावयाचा, या प्रश्नावर आपल्या मीमांसकांनीं 'पर्युदास' आणि 'प्रसज्यप्रतिषेध' असे भेद करून किती बारकाईनें विचार केला आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही केवळ शाळामास्तरांची कटकट नव्हे, हें पटेल.

परंतु वाक्य शुद्ध असलें म्हणजे तें खरें असतेंच असें नाहीं. 'ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड' ही पाटी पाहा. व्याकरणाच्या दृष्टीनें तींत बोट ठेवावयास जागा नाहीं. तथापि इंग्लंडच्या कायद्यांत दुसऱ्याच्या जमिनीवर नुसतें पाऊल टाकणें हा सामान्यतः दिवाणी अपराध आहे. त्यासाठीं फौजदारी खटला भरतां येत नाहीं. आपल्याकडेहि १८६० च्या दंडसंहितेनें गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतु असल्यावांचून असा प्रवेश गुन्हा मानला नाहीं, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या न्यायसंहितेनेंहि तेंच धोरण राखिलें. म्हणजे ही पाटी शुद्ध इंग्रजींत खोटी धमकी देते. हिच्या उलट, सार्वजनिक जागीं धूम्रपान करण्याविरुद्ध २ ऑक्टोबर २००८ पासून जे नियम लागू झाले, त्यांनीं ठरवून दिलेल्या पाटीवर 'प्रोहिबिटेड'हि नाहीं आणि 'फॉर्बिडन'हि नाहीं. ही धूम्रपानरहित जागा आहे आणि येथें धूम्रपान करणें हा गुन्हा आहे, एवढेंच ती सांगते. तींत आर्जव नाहीं, धाकहि नाहीं. जें कायद्यांत आहे तें आहे. सरकारी पाट्यांत इतकी प्रामाणिक भाषा क्वचित् आढळते.

मनाईचें इंग्रजी अत्यंत विचारपूर्वक वापरलेलें पाहावयाचें असेल, तर आपलें संविधान उघडावें. पंधराव्या अनुच्छेदाच्या प्रारंभीं भेदभाव करूं नये असें राज्यसंस्थेला 'शॅल नॉट' या शब्दांनीं बजाविलें आहे. तेथें कर्ता स्पष्ट आहे. लगेच पुढच्या खंडांत दुकानें, विहिरी, तळीं, रस्ते यांचा विषय येतो आणि वाक्याची रचना पालटते. तेथें राज्यसंस्था कर्त्याच्या जागीं राहत नाहीं. कोणाहि नागरिकावर निर्बंध असणार नाहीं, असें म्हटलें आहे. कारण तळ्यावर आडवें येणारें सरकार नसतें, शेजारी असतो. तेविसाव्या अनुच्छेदांत माणसांचा व्यापार आणि वेठ यांना 'प्रोहिबिटेड' म्हटलें आहे. सतराव्यांत मात्र अस्पृश्यता 'अबॉलिश्ड' झाली असून तिचें कोणत्याहि स्वरूपांतील आचरण 'फॉर्बिडन' आहे. रूढि नष्ट केली म्हणून आचरण थांबतेंच असें नाहीं, हें जाणून येथें दोन क्रियापदें योजलीं आहेत; आणि शिक्षेची तरतूद लागलीच पुढच्या वाक्यांत आहे. हा अनुच्छेद संविधान-सभेनें २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं संमत केला. मसुदा-समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते.

या दोन क्रियापदांची गरज कां पडली, हें महाराष्ट्राला वेगळें सांगावयास नको. सार्वजनिक तळीं आणि विहिरी सर्वांस खुल्या कराव्या, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत १९२३ सालीं मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागदावर मनाई उरली नव्हती. तरी २० मार्च १९२७ रोजीं त्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं हजारों माणसांना मिरवणुकीनें जावें लागलें, आणि त्याबद्दल मार खावा लागला. आपल्या समाजांतील सर्वांत कठोर मनाईला पाटीची गरज कधींच पडली नाहीं. तिला ना कर्ता होता, ना क्रियापद. तिच्यावर कोणाची सही नव्हती.

आतां त्या लिफ्टच्या सूचनेकडे वळूं. महाडचें तळें आणि ही लिफ्ट यांना मी एका तागडींत घालीत नाहीं. परंतु वाक्याची ठेवण पाहा. 'आर प्रोहिबिटेड' हा कर्मणि प्रयोग आहे. मनाई कोणीं केली हें त्यांत सांगावें लागत नाहीं. कर्तरि प्रयोगांत तेंच वाक्य असें होईल: 'आमच्या घरीं भांडीं घासणाऱ्या, आमच्या मुलांना सांभाळणाऱ्या बायांना आम्ही सातव्या मजल्यापर्यंत पायीं चढावयास लावतों.' हें वाक्य पूर्णपणें शुद्ध आहे. तें दारावर लावून खालीं आपलें नांव घालावयास किती सभासद तयार होतील? शिवाय ज्यांच्याकरितां ही सूचना, त्यांतील बहुतेकींना इंग्रजी वाचतां येत नाहीं. तेव्हां ती कोणीं वाचावी म्हणून लिहिली, हाहि प्रश्नच आहे. मला वाटतें, ती लिहिणाऱ्यांनीं स्वतःलाच धीर देण्यासाठीं लिहिली असावी.

'फ्रॉम यूझिंग' हा माझा निकाल बरोबर होता आणि आजहि मी तो बदलणार नाहीं. पण व्याकरणाचें काम अव्ययापाशीं संपतें असें मानून मीं कागद परत केला, ही माझी चूक झाली. वाक्यांत कर्ता कोण, हा व्याकरणाचा पहिला प्रश्न. मीं तोच विचारावयाचा राहून गेलों. दुसऱ्या दिवशीं त्या गृहस्थांकडे जाऊन मीं तो विचारला आणि सूचना मराठींत, कर्तरि प्रयोगांत, सह्यांनिशीं लिहून आणावी अशी विनंति केली. तसा कागद अद्यापि माझ्याकडे आलेला नाहीं.