वीस मिनिटांची कोळंबी

मराठी समीक्षकांनी कथा तपासली, कादंबरी तपासली, नवकविता तर इतकी तपासली की ती बिचारी अंथरुणालाच खिळली. पण जे साहित्य घरोघर कापून डब्यात ठेवलं जातं, ज्याच्यावर तेलाचे डाग पडतात आणि ज्याचा निकाल वाचकाला त्याच रात्री पोटात कळतो, त्या पाककृतीकडे समीक्षक फारसे फिरकत नाहीत. मी बँकेतला कारकून, बी. कॉम., सेकंड क्लास. साहित्याशी माझा संबंध लेजरपुरता. लेजर आता संगणकात गेलं, पण बेरीज जुळली नाही की झोप न येण्याची खोड अजून गेलेली नाही. परवा एका रविवारच्या पुरवणीतली पाककृती वाचून माझी झोप उडाली, ती ह्याच कारणाने.

मथळा होता, ‘वीस मिनिटांत कोळंबी पास्ता’. अर्ध्या पानावर फोटो. फोटोत ताटली, ताटलीत गुलाबी कोळंबी, बाजूला लिंबाची फोड आणि मागे एक फूल. हात कुणाचाच नाही. पदार्थ जणू स्वतःच होऊन, स्वतःच ताटलीत येऊन बसला होता.

आमचं गाव सांगवी. बारामतीहून फलटणला निघालात की नीरेच्या काठी लागतं, नदी ओलांडली की सातारा जिल्हा. इथे ऊस मुबलक आणि उसावरची चर्चा त्याहून मुबलक. समुद्र मात्र सह्याद्रीच्या पलीकडे. मासे हवेत तर इंदापूर तालुक्यात भिगवणला जावं, तिथे उजनीच्या फुगवट्यातली चिलापी मिळते. समुद्रातली किंवा खाऱ्या तळ्यातली कोळंबी आमच्याकडे येते ती बारामतीच्या दुकानातून, बर्फात गोठून. ती बहुधा वनामी जातीची असते. मूळची पार अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याची; आपल्या सरकारने तिची शेती करायला परवानगी दिली २००९ साली, आणि तेव्हापासून आंध्रातली तळी तिने भरून गेली. म्हणजे प्रशांत महासागर ते सांगवी हा प्रवास कोळंबीने केला, आणि शेवटच्या वीस मिनिटांचा हिशोब तेवढा पुरवणीवाल्यांनी छापला.

हा हिशोब मी नीट तपासला. साहित्याच्या यादीत पहिली ओळ: ‘साफ केलेली कोळंबी पाव किलो’. दुसरी: ‘सोललेला लसूण, बारा पाकळ्या’. तिसरी: ‘बारीक चिरलेला कांदा’. मग ‘उकळून साल काढलेले टोमॅटो’. आणि त्यानंतर, खाली, ठळक अक्षरात: ‘वेळ: वीस मिनिटे’.

इथे माझ्यातला समीक्षक जागा झाला. व्याकरणाच्या मास्तरांनी शाळेत आम्हाला धातुसाधितं पाठ करायला लावली होती, पण त्यांचा खरा उपयोग सांगितला नव्हता. ‘केलेली’, ‘सोललेला’, ‘चिरलेला’, ‘काढलेले’ — ह्या एवढ्याशा ‘लेल्या’ शेपटात एका माणसाचा पाऊण तास दडपलेला असतो. कुणी केली? कधी केली? ओट्याशी उभं राहून की खाली बसून? वाक्य काही बोलत नाही. आमच्याकडे ह्याला ‘मागील पानावरून पुढे’ म्हणतात. पण आम्ही निदान आकडा तरी आणतो.

कोळंबी ‘साफ केलेली’ होते म्हणजे काय होतं, हे लिहिणाऱ्याने पाहिलं असावं असं वाटत नाही. आधी बर्फ सुटायला पाहिजे. गार पाण्यात पाकीट बुडवलं तरी अर्धा तास. मग डोकं काढा, टरफल काढा, पाठीवर चीर द्या, काळा दोरा ओढा. तो दोरा सबंध निघाला तर नशीब, मधेच तुटला तर पुन्हा सुरीचं टोक. अख्ख्या कोळंबीचं सोलल्यावर जेमतेम निम्म्याच्या आसपास वजन उरतं. म्हणजे ‘साफ केलेली पाव किलो’ हवी तर आणायची अर्धा किलो. हा फरक कृतीत कुठेही दाखवलेला नाही. आमच्या शाखेत असा फरक राहिला असता तर ऑडिटर चहासुद्धा प्याला नसता.

ही लबाडी मला परकी नाही म्हणा. पूर्वी एका शाखेत ‘ड्राफ्ट दहा मिनिटांत’ अशी पाटी होती, आणि ती शंभर टक्के खरी होती. दहा मिनिटं मोजायची ती ग्राहक खिडकीशी पोचल्यापासून. रांगेतला दीड तास हा त्याचा खासगी मामला.

बाकी कृतीत चांगलं काही नाही असं म्हणणार नाही. पास्त्याचं पाणी सगळ्यात आधी गॅसवर चढवा म्हटलंय, ते बरोबर. ते पाणी ओतून न देता वाटीभर राखून ठेवा म्हटलंय, तेही बरोबर. त्यात उतरलेल्या पिठामुळे रस्सा पास्त्याला धरून राहतो. पण शंभर ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी आणि चांगलं दहा ग्रॅम मीठ लागतं, हे सांगायच्या ठिकाणी ‘चवीनुसार मीठ’. हा शब्दप्रयोग म्हणजे पाककृतीवाल्यांचा अटकपूर्व जामीन. पदार्थ बिघडला तर चव तुमची!

आणि खरा घोटाळा पुढेच आहे. ‘कोळंबी परतून त्यात टोमॅटो घाला व दहा मिनिटे झाकून शिजवा.’ दहा मिनिटं! कोळंबीला दोन-तीन मिनिटं पुरतात. गुलाबी होऊन चंद्रकोरीसारखी वळली की बाहेर काढायची आणि शेवटी परत सोडायची. तिचं पुरतं शून्य झालं की मग ती चावायची राहत नाही, सायकलच्या पंक्चरला लावायची होते. पास्त्याचंही तेच. इटलीत तो मधे किंचित दाताला लागेल असा उतरवतात. आपल्या मराठीत ह्याला ‘कणी राहिली’ म्हणतात आणि सुनेला ऐकवतात. लिहिणाऱ्याने ‘मऊ शिजवा’ लिहून सुनेची बाजू घेतली की इटलीची सोडली, कळायला मार्ग नाही. वर ‘भरपूर चीज किसा’ हे आहेच. समुद्रातल्या जिन्नसावर चीज घातलेलं इटलीतल्या जुन्या वळणाच्या माणसाला चालत नाही; पण पुरवणीत चीजची जाहिरात त्याच पानावर होती.

जुनी पुस्तकं मला ह्या बाबतीत जास्त सचोटीची वाटतात. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’चं दुसरं नावच ‘एक हजार पाकक्रिया’. तेव्हा नावातला आकडा पदार्थांचा असे, मिनिटांचा नसे. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं, त्यात प्रमाण वाटी-चमच्यांत. नव्याने संसार मांडलेल्या मुलीला त्याने हाताशी धरलं. घाई कर, असं म्हणत तिच्या पाठीशी उभं नाही राहिलं.

कारण नुसता पदार्थ बिघडला असता तर मी लेखणी उचलली नसती. आमची सौ. शाळेत शिकवते. त्या रविवारी तिने हा पास्ता केला. दहा मिनिटांची सूचना तिने मनानेच खोडली, त्यामुळे कोळंबी उत्तम झाली. पण बर्फ सुटण्यापासून ताट वाढेपर्यंत गेला सव्वा तास. पाहुणे आलेले मेहुणे पान हातात धरून म्हणाले, “ताई, इथे तर वीस मिनिटं लिहिलंय गं!” ते हसत म्हणाले, तीही हसली. रात्री भांडी विसळताना मात्र म्हणाली, “अहो, माझा हात आता जड झालाय का हो?”

तेवीस वर्षं ज्या हाताने पहाटे दोन डबे करून सातची एसटी गाठली, तो हात एका छापील आकड्यापुढे जड ठरला. पाककृतीवर टीका करायला एवढं कारण मला पुरेसं आहे.

आमच्या आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आरं, कोळंबी आन् शेवया, ह्यात नवीन काय हाय?” तिचंही बरोबर. आठवडे बाजारातली सुकट म्हणजे वाळलेली बारीक कोळंबीच. तव्यावर कोरडी भाजायची, धुवायची, कांदा-लसणावर चटणी घालून परतायची. मी घड्याळ लावून पाहिलं, आईची सुकट चौदा मिनिटांत ताटात. आणि शेवया उकळत्या पाण्यात टाकून निथळून गुळवणीबरोबर खाणं ही आमच्याकडची पास्त्याचीच रीत, फक्त गोड. पास्त्याला जो कठीण गहू लागतो तो आपला बन्सी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं शेत आमच्याच तालुक्यात, होळला आहे, आणि ह्या संस्थेने बन्सी गव्हाचे वाण काढलेत, एमएसीएस ४०२८ वगैरे. इटलीचं अप्रूप आम्हाला उगीच.

पण आईची चौदा मिनिटंसुद्धा मी जमेला धरायला तयार नाही. सुकट झटपट होते कारण कुठल्यातरी कोळणीने ती किनाऱ्यावर उन्हात पसरून, कावळे हाकत, उलथीपालथी करून वाळवलेली असते. शेवया झटपट होतात कारण मे महिन्यात खाटेला यंत्र बांधून आई, काकू आणि शेजारच्या दोघी दिवसभर ते फिरवत आणि काठ्यांवर शेवया वाळत घालत. ही सगळी मुदत ठेव. आपण फक्त मुदत संपल्यावर खिडकीशी जायचं आणि म्हणायचं, काय पटकन पैसे मिळाले! फरक इतकाच की आईला ठेव कुणी ठेवली ते माहीत आहे. ती सुकट भाजताना काकूंचं नाव काढते, यंत्राचा दांडा कुणाच्या हातून मोडला तेही सांगते. पुरवणीवाल्याला खातेदाराचं नावच ठाऊक नाही.

तेव्हा संपादकमजकुरांना माझी सूचना अशी की झटपट पाककृती खुशाल छापाव्यात, पण ‘लेली’ दिसली की पुढे कंसात मिनिटं आणि माणसं लिहावीत. साफ केलेली कोळंबी (पंचवीस मिनिटे, एक माणूस, दोघे असल्यास गप्पांसह तीस). शेवटच्या ‘गरम गरम वाढा’नंतर भांड्यांचीही एक ओळ असावी, लसूण-कोळंबीची कढई काही स्वतःहून नळाखाली जात नाही.

ते पान आमच्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. ‘वीस’ खोडून सौ.ने लाल पेनने, पेपर तपासायच्या अक्षरात, ‘पंच्याहत्तर’ केलंय. आणि ‘सोललेला लसूण, बारा पाकळ्या’ ह्या ओळीपुढे समासात लिहिलंय, ‘हे सोलतील’.