रुग्णवृत्त आणि रुग्णाची भाषा

चरित्र, आत्मचरित्र, पत्र, प्रवासवर्णन, इतकेच नव्हे तर बखर आणि महजर यांनाही आपल्या समीक्षेने गद्याचे प्रकार म्हणून मान्यता दिली आहे. परंतु ज्या एका गद्यप्रकारात शंभर-दीडशे वर्षे मनुष्याच्या देहाचे आणि दैवाचे वर्णन अत्यंत काटेकोरपणे होत आले आहे, त्याच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. वैद्यकीय नियतकालिकांतून छापले जाणारे रुग्णवृत्त, डॉक्टरमंडळी ज्याला ‘केस रिपोर्ट’ म्हणतात, तो हा प्रकार होय. हा विषय डॉक्टरांचा. त्यात एका शाळामास्तराने का शिरावे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर एवढेच की, जेथे एका माणसाची हकीकत दुसरा माणूस शब्दांत मांडतो, तेथे शब्दांची पारख करणाऱ्याचाही थोडा अधिकार पोचतो.

या विषयाकडे मी वळलो तो एका प्रसंगामुळे. माझा एक जुना विद्यार्थी काही कागद घेऊन घरी आला. ग्वाल्हेरीतील बहुतेक मराठी मुलांप्रमाणे त्याचे शिक्षण हिंदीत झालेले. घरात मराठी, कचेरीत हिंदी. त्याच्या लहान मुलाला एक जन्मजात, दुर्मीळ विकार असल्याचे परगावच्या एका मोठ्या रुग्णालयात निश्चित झाले होते, आणि तेथील डॉक्टरांनी लिहिलेले इंग्रजी रुग्णवृत्त त्याच्या हाती होते. तो म्हणाला, “सर, यात आमच्याविषयी काय लिहिले आहे ते मराठीत सांगा. आणि दोष कुणाचा म्हटला आहे, तेही सांगा.” त्या तीन पानांचे भाषांतर करण्यात माझी तीन संध्याकाळे गेली. त्या उभयतांच्या अनुमतीने, ओळख पटेल असे काहीही न सांगता, त्या भाषांतराने मला जे शिकविले ते येथे मांडतो.

प्रथम या प्रकाराचे गुण पाहू. रुग्णवृत्ताची बांधणी ठरलेली असते. वय, लिंग, मुख्य तक्रार, ती केव्हापासून, घराण्यात कोणाला, तपासणीत काय आढळले, निदान कसे झाले, पूर्वी असे कोणी पाहिले आहे काय, आणि शेवटी यातून काय शिकावे. विशेषणांना येथे जवळजवळ मज्जाव असतो. ‘मोठी गाठ’ असे लिहून भागत नाही. ती किती सेंटिमीटर हे सांगावे लागते. भावनेच्या भरात वाहून जाण्याची आपल्या गद्याला जी सवय आहे तीवर हा उत्तम उतारा आहे. परंतु त्याचा खरा गुण याहून खोल, किंबहुना नैतिक स्वरूपाचा आहे. तो असा की, या गद्याने जन्मजात व्यंगाचे वर्णन ‘हे कोणाचे पाप?’ असा प्रश्न न विचारता करण्याचा पायंडा पाडला.

आपल्या परंपरेत हा प्रश्न सतत विचारला गेला आहे. महाभारतातील अष्टावक्राचे शरीर आठ ठिकाणी वाकडे झाले ते पित्याच्या शापाने. सुश्रुतासारखा थोर निरीक्षकही शारीरस्थानात सांगतो की, गर्भवतीचे डोहाळे पुरविले नाहीत तर कुबडे, लुळे, लंगडे, ठेंगणे वा अंध अपत्य होते. यात गर्भवतीची काळजी घ्यावी असा सद्हेतू आहे, हे खरे. परंतु अपत्यात व्यंग दिसताच घराकडे बोट दाखविण्याची सोयही त्यात आहे. पाश्चात्त्यांकडेही याहून वेगळी स्थिती नव्हती. पुढे हे बोट खाली आले, त्याचे बरेचसे श्रेय या रूक्ष दिसणाऱ्या गद्याला द्यावे लागेल.

या दृष्टीने १९०२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला आर्चिबाल्ड गॅरड यांचा अल्काप्टोन्यूरियावरील निबंध मराठी वाचकाने अवश्य समजून घ्यावा. या विकारात लघवी हवा लागल्यावर काळी पडत जाते. अशी मुले झालेल्या एका घरात नवे मूल जन्मताच गॅरड यांनी त्याच्या लंगोटांवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था केली, आणि तिसऱ्याच दिवशी काळा डाग दिसला. म्हणजे विकार बाहेरून जडलेला नसून जन्मतःच होता. अशा मुलांचे आईबाप पुष्कळदा सख्खी चुलत-आते-मामे भावंडे असतात, हेही त्यांनी टिपले आणि त्याची सांगड मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांशी घातली. निबंधाच्या उपशीर्षकात त्यांनी योजलेला शब्दप्रयोग मराठीत ‘रासायनिक व्यक्तित्व’ असा होईल. ज्याला जग विकृती म्हणत होते त्याला या वैद्याने व्यक्तित्व म्हटले! प्रत्येकाचा चेहरा जसा निराळा तसे प्रत्येकाच्या देहातले रसायनही निराळे, आणि हा त्या निराळेपणाचाच एक दूरचा टोकाचा प्रकार, असा त्यांचा आशय. एका शब्दाने माणसाला रोग्यांच्या रांगेतून काढून माणसांच्या रांगेत बसविले.

आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध वृत्त १९५२ सालचे. मुंबईचे डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी लंडनमधील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्या साहाय्याने ‘लॅन्सेट’मध्ये ते छापले. जखमी होऊन आलेल्या माणसाला रक्त द्यावयाचे, आणि कोणत्याही गटाचे रक्त त्याच्या रक्ताशी जुळत नाही, अशा पेचातून हा शोध लागला. वरवर ‘ओ’ गटाचे वाटणारे हे रक्त ‘ओ’ गटाचेही रक्त नाकारत होते. कारण ‘ए’ आणि ‘बी’ ज्या पायावर उभे राहतात तो ‘एच’ नावाचा पदार्थच त्यात नव्हता. अशा तीन व्यक्तींची हकीकत दोन पानांत सांगितलेली आहे. १९५५ साली अमेरिकेतील एका कुटुंबात तोच प्रकार आढळला आणि ‘बॉम्बे’ हे नाव जगभर रूढ झाले. भारतात सुमारे दहा हजारांत एक अशी व्यक्ती असते. युरोपात दहा लाखांत एखादीच. या दोन पानांचे सामाजिक मोल किती, पाहा. वरून ‘ओ’ दिसणाऱ्या बापाला ‘एबी’ गटाचे मूल होऊ शकते, हे या ज्ञानामुळे कळले. ते कळण्यापूर्वी अशा घरात संशयाचे बोट कोणाकडे वळले असते, हे सांगावयास नको.

योगायोग असा की, त्याच १९५२ साली डिसेंबरात ऑक्सफर्डच्या रोझमेरी बिग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्त न गोठण्याचा एक नवा प्रकार वर्णिला. त्यांनी अभ्यासलेला पहिला रुग्ण स्टीफन ख्रिसमस हा पाच वर्षांचा मुलगा होता. त्याच्या आडनावावरून त्या विकाराला ‘ख्रिसमस डिसीज’ हे नाव मिळाले. हा मुलगा पुढे मोठा झाला, कॅनडात राहिला, रक्तातूनच एड्सचा संसर्ग होऊन १९९३ साली वारला; परंतु तत्पूर्वी दान केलेले रक्त निर्धोक असावे म्हणून तो झगडला. त्याचे पुढले आयुष्य आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याचे नाव वृत्तात शिल्लक राहिले. मुंबईच्या तिघांचे नाव शहराने घेतले. रुग्णाची ओळख गुप्त ठेवावी हा नियम योग्यच आहे, आणि नावे हवी होती असे माझे म्हणणे नाही. माझा प्रश्न निराळा आहे. नाव गाळताना त्याबरोबर आणखी काय गळून पडते?

याचे उत्तर मला त्या तीन पानांत मिळाले. त्या मुलाचा विकार अल्काप्टोन्यूरियाच होता. वृत्तात एक वाक्य होते: ‘जन्मापासून गडद लघवीचा इतिहास.’ मी ते वाचून दाखविताच मुलाची आई म्हणाली, “सर, मी एवढेच नव्हते सांगितले. मी म्हटले होते, दुपटे नुसते ठेवले तर डाग हळूहळू काळा होतो, आणि साबण लावला की लगेच जास्तच काळा होतो. सासूबाई म्हणायच्या, तुला धुताच येत नाही.” आता या वाक्यात काय नाही? हवेने काळे पडणे आणि साबणातील क्षाराने ते लवकर घडणे, हे या विकाराचे रासायनिक लक्षण आहे. ते त्या माउलीने मोरीवर बसून शोधून काढले होते. वृत्तलेखकाने त्याचे तीन-चार निर्जीव शब्द केले. त्यात करुणा गेली, असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, ज्ञानही गेले. शिवाय ‘तुला धुताच येत नाही’ हा जो आरोप तिने सोसला, त्याचे खंडन त्याच कागदात होऊ शकले असते, तेही राहून गेले.

रुग्णाच्या घरची बोली हा पुरावा असतो, याचे याहून मोठे उदाहरण पुण्याचे आहे. लहान मुलांचे यकृत निकामी करणारा एक घातक रोग आपल्या देशात पुष्कळ घरांत दिसे. एकाच आईची दोन-दोन मुले दगावत. म्हणून हा घराण्यातला दोष असावा असा समज होता. १९८३ साली टॅनर, पंडित, भावे प्रभृतींनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखविले की, या मुलांना फार लवकर गाईम्हशीचे दूध सुरू केले जाई आणि ते पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यांत तापविले वा ठेवले जाई. दूध तांबे शोषून घेते, आणि ते तान्ह्या यकृतात साचत जाते. जे कुळाचे वाटत होते ते बऱ्याच अंशी भांड्याचे निघाले. भांडी बदलली, आणि रोग झपाट्याने ओसरला. आता विचार करा: दूध कोणत्या पातेल्यात तापते हे कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. ते सांगावयास घरची बाईच पाहिजे, आणि ती ते आपल्या बोलीतच सांगणार.

दुसरा दोष परिभाषेचा, आणि त्याची जबाबदारी डॉक्टरांपेक्षा आपल्यावर अधिक आहे. इंग्रजी वृत्तात बाळंतपण ‘अनरिमार्केबल’ होते असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ‘निर्वेध पार पडले’ असा. पण कोशाच्या आधाराने ‘उल्लेखनीय नाही’ असे भाषांतर केले तर त्या आईला काय वाटेल? ‘कॅरियर’ला ‘वाहक’ हा शब्द रूढ होतो आहे. महाराष्ट्रात तो एस. टी.च्या बसमध्ये तिकिटे देतो. सर्वांत घातक घोटाळा ‘कन्सँग्विनिटी’चा. याला सर्रास ‘सगोत्र विवाह’ म्हटले जाते. वस्तुतः मामाची मुलगी सगोत्र नसते; तिच्याशी विवाह आपल्यातील अनेक जातींत संमतच नव्हे तर पसंत केला जाई. परंतु रक्त गोत्र जाणत नाही. आते-मामे भावंडांत एक-अष्टमांश आनुवंशिक ठेवा सामाईक असतो, मग गोत्रे कितीही भिन्न असोत. माझ्या विद्यार्थ्याने मामेबहिणीशी विवाह केलेला. “आम्ही सगोत्र नाही, मग असे कसे झाले?” हा त्याचा प्रश्न अज्ञानातून नव्हे, आपल्या चुकीच्या शब्दातून आला होता. ‘रक्तसंबंधी विवाह’ हा साधा शब्द वापरला असता तर तो निर्माणच झाला नसता.

त्याच्या मूळ प्रश्नाचे, दोष कुणाचा याचे, उत्तरही वृत्तात होते; फक्त ते मराठीत आणावयाचे होते. मी त्याला सांगितले, “अरे, तुम्हां दोघांकडे त्या गुणाची एकेक उणी प्रत आहे. तेवढ्याने तुम्हांला काही होत नाही. दोन्ही उण्या प्रती ज्या मुलाकडे गेल्या त्याला विकार झाला. प्रत्येक खेपेस चारांत एक असा हा संभव. यात दोघांचाही वाटा सारखा आणि दोष कोणाचाच नाही.” तो बराच वेळ गप्प बसला. ‘डिफेक्ट’ या शब्दाला ‘दोष’ म्हणण्याऐवजी ‘उणीव’ म्हणावे, हे मला त्या संध्याकाळी सुचले. भाषांतर करणाऱ्याच्या हातून एखादे घर सावरले जाऊ शकते वा मोडले जाऊ शकते, याची जाणीव चाळीस वर्षे व्याकरण शिकवूनही मला यापूर्वी झाली नव्हती.

मराठीत या अंगाने काहीच झालेले नाही असे नाही. डॉ. रवी बापट यांचे ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ हे डॉक्टराच्या बाजूने, तर नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे सोसणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले प्रांजळ लेखन आहे. परंतु ही आत्मकथने. वृत्ताची शिस्त आणि सोसणाऱ्याची वाणी एकाच पानावर यावी, ही अपेक्षा त्यांच्याकडून करता येत नाही. ती अपेक्षा अवास्तव मात्र नाही. २०१३ साली रुग्णवृत्तलेखनाची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ‘केअर’ या नावाने प्रसिद्ध झाली, त्यांत रुग्णाचे स्वतःचे म्हणणे देण्याची शिफारस आहे. म्हणजे दार उघडलेले आहे. पण त्या दारातून मराठी आत जावयाची तर ती भाषांतरित होऊन गुळगुळीत झालेली नको; साबण, दुपटे, पातेले यांसह जावी. डॉक्टरांनी मूळ वाक्य मराठीतच टिपून ठेवावे, आणि आपल्यासारख्या साहित्यसंस्थांनी वैद्यकीय परिभाषा करताना कोशकारांबरोबर एखाद्या आजारी मुलाच्या आईलाही विचारावे, एवढीच माझी सूचना आहे.

भाषांतर पुरे करून मी त्या उभयतांच्या स्वाधीन केले. ‘गडद लघवीचा इतिहास’ या ओळीखाली आईचे वाक्य तिच्याच शब्दांत, तिचे म्हणून, मी वेगळे लिहिले होते. पुढच्या खेपेस ती ते कागद डॉक्टरांकडे नेणार आहे. त्यापूर्वी तिने ते सासूबाईंना वाचून दाखविले, असे कळते.